तळपायाचा मेलॅनोमा: पहिल्या डागापासून उपचार आणि संशोधनापर्यंतची वाट

माझ्या आत्याच्या उजव्या टाचेवर एक काळपट डाग होता. भातलावणीत तासन् तास चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्या बाईच्या टाचेवर भेगा असणे, कुरूप असणे किंवा डाग असणे यात कोणालाच काही वेगळे वाटले नाही. डाग वाढून टोचू लागला तेव्हा तो कुरूप म्हणून कापण्यात आला आणि कापलेला तुकडा कचऱ्यात गेला. वर्षभराने त्याच जागी न भरणारी जखम झाली, मग जांघेत गाठ आली आणि पायाला जखम आहे म्हणजे अवधाण आले असणार, असे घरातल्या सर्वांनी धरून चालले. ती गाठ मेलॅनोमाची होती.

तो तुकडा त्या वेळी तपासला गेला असता तर आजाराची जाडी कळली असती, आणि ती जाडी कळली असती तर पुढचे दीड वर्ष वेगळे गेले असते. या आजारात पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय एका लहानशा तुकड्याच्या तपासणीवर उभा असतो. म्हणून तो तुकडा, त्याचा अहवाल आणि त्याच्या काचा कशा सांभाळायच्या, यावर या लेखात मी सर्वांत जास्त भर दिला आहे.

हा आजार आपल्याकडे कसा दिसतो

त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींपासून होणारा कर्करोग म्हणजे मेलॅनोमा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तो जगात सर्वाधिक आढळतो. तिथे बहुतेकदा तो गोऱ्या त्वचेवर, तीव्र उन्हाच्या परिणामातून होतो. परदेशात राहणारे नातेवाईक काळजीपोटी जी माहिती पाठवतात, ती प्रामुख्याने त्या प्रकाराची असते आणि तिच्यात सनस्क्रीन, पाठीवरचे तीळ, उन्हात भाजणे यांचाच उल्लेख असतो. भारतात मेलॅनोमा दुर्मीळ आहे. जो होतो तो पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. या प्रकाराला अॅक्रल मेलॅनोमा म्हणतात आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैकाचे गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये निदान झालेला आणि १९८१ मध्ये त्यांचा जीव घेणारा आजार हाच होता. हा फरक सुरुवातीलाच समजून घेणे आवश्यक आहे, कारण लक्षणे, जनुकीय बदल आणि औषधांना मिळणारा प्रतिसाद या तिन्ही बाबतींत तो पुढे पुन्हा पुन्हा आडवा येतो.

पहिली पायरी: डाग ओळखणे

तळपायावरच्या डागाबाबत ज्या गोष्टींकडे दुर्लक्ष करू नये, त्या अशा आहेत: डागाचा रंग एकसारखा नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, काही महिन्यांत तो वाढणे, किरकोळ घासण्यानेही त्यातून रक्त येणे, आणि कुरूप किंवा चामखीळ समजून केलेल्या उपचाराने दोन महिन्यांतही फरक न पडणे. काही मेलॅनोमांत रंगद्रव्य जवळजवळ नसते. ते गुलाबी, ओलसर मांसासारखे दिसतात आणि मधुमेही व्यक्तीच्या पायावर असले तर मधुमेहाची जखम म्हणून महिनोन् महिने केवळ मलमपट्टी होत राहते. मधुमेहाची जखमही योग्य काळजी घेऊन भरत नसेल, तर तिच्या कडेचा तुकडा तपासायला सांगणे हा रुग्णाचा हक्क आहे.

नखातली काळी रेघ हा वेगळा विषय आहे. सावळ्या त्वचेच्या अनेकांच्या बऱ्याच नखांवर तपकिरी रेघा असतात आणि त्या सहसा निरुपद्रवी असतात. एकाच नखावर, मोठ्या वयात नव्याने उमटलेली, रुंद होत जाणारी रेघ मात्र तपासून घ्यावी. तिचा रंग नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर पसरला असेल तर अजिबात थांबू नये. ठेच लागून नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकत जाते आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. मेलॅनोमाची रेघ मुळापासून सुरूच राहते. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण वाढायला वर्ष ते दीड वर्ष लागते, त्यामुळे तोवर वाट पाहण्यापेक्षा शेजारी मोजपट्टी ठेवून दर महिन्याला छायाचित्र काढावे आणि दोन-तीन महिन्यांत फरक दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून डाग पाहतात. तळपायाच्या त्वचेवर बोटांच्या ठशांसारखे उंचवटे आणि खाचा असतात. साध्या तिळाचा रंग प्रामुख्याने खाचांत दिसतो आणि मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवर. ही तपासणी काही मिनिटांची असते आणि तिच्यात सुई किंवा कापाकापी नसते.

दुसरी पायरी: बायोप्सी

गाठीला सुरी लागली की कर्करोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की शिकलेली माणसेही बायोप्सीचे, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढण्याचे, नाव काढताच मागे हटतात. बायोप्सीने मेलॅनोमा पसरत नाही. पसरतो तो न तपासता घालवलेल्या महिन्यांत. खरे नुकसान होते ते डाग जाळल्याने, आम्लाने किंवा क्षाराने उडवल्याने आणि कापलेला भाग फेकून दिल्याने, कारण त्यानंतर जाडी मोजायला काही उरतच नाही. म्हणून त्वचेवरून काढलेला कोणताही रंगीत भाग, काढणारे डॉक्टर कितीही खात्रीने साधा म्हणत असले तरी, फॉर्मेलिन या नमुना टिकवणाऱ्या द्रवाच्या बाटलीत पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे.

शक्य असेल तिथे संपूर्ण डाग त्वचेच्या पूर्ण जाडीसह, भोवतालची १ ते ३ मिलिमीटर त्वचा घेऊन काढणे ही उत्तम बायोप्सी होय. सुरुवातीलाच मोठा भाग काढू नये, कारण त्यामुळे आजार पसरताना ज्या लसिका ग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) सर्वांत आधी पोहोचतो, तिचा अचूक शोध नंतर घेणे अवघड होते. टाचेवरचा डाग मोठा असेल तर सर्वांत जाड किंवा गडद भागातून खोल तुकडा घेतला जातो. वरवर खरवडून घेतलेला नमुना इथे उपयोगाचा नाही. नखाच्या बाबतीत नखाच्या मुळाखालचा भाग घ्यावा लागतो आणि ते काम सरावाच्या हातांनीच करावे.

तिसरी पायरी: अहवाल वाचणे

अहवाल हाती आला की प्रथम एक आकडा शोधा, ब्रेस्लो जाडी. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडलेले हे मोजमाप आजही या आजाराचा कणा आहे. त्वचेच्या वरच्या थरापासून कर्करोगाच्या सर्वांत खोल पेशीपर्यंतचे ते मिलिमीटरमधले अंतर असते. १ मिलिमीटरपर्यंत टी १, १ ते २ पर्यंत टी २, २ ते ४ पर्यंत टी ३ आणि त्यापुढे टी ४ अशी वर्गवारी होते. दुसरी नोंद अल्सरेशनची. तिचा अर्थ डोळ्यांना दिसणारी जखम असा नसून सूक्ष्मदर्शकाखाली वरचा थर तुटलेला दिसणे असा आहे, आणि ती असल्यास त्याच जाडीचा आजार अधिक गंभीर मानला जातो. याशिवाय पेशींच्या विभाजनाचा वेग, कडा मोकळ्या आहेत की नाहीत आणि मूळ डागाभोवती सूक्ष्म बेटे आहेत का, याही नोंदी हव्यात. यांतले काही अहवालात नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडून पुरवणी अहवाल मागता येतो आणि तो मागण्यात कोणताही संकोच बाळगू नये.

आता कागदांविषयी. तपासलेला तुकडा मेणाच्या लहान ठोकळ्यात जपलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचे पातळ काप काचेवर असतात, त्या स्लाइड. दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर तिथले तज्ज्ञ केवळ छापील अहवालावर विसंबत नाहीत. ते ब्लॉक आणि स्लाइड मागवून पुन्हा तपासतात आणि जनुकीय चाचण्याही याच ब्लॉकवर होतात. म्हणून पहिल्या प्रयोगशाळेतून त्या रीतसर पोचपावतीवर घ्याव्यात, स्लाइड डब्यात ठेवाव्यात आणि ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत मुळीच ठेवू नये, कारण मेण वितळते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत रुग्णाला त्याच्या नोंदी द्याव्या लागतात. आम्ही एक साधी फाइल केली होती. तिच्या पहिल्या पानावर निदानाची तारीख, जाडी, टप्पा, झालेल्या शस्त्रक्रिया, औषधांची नावे आणि मात्रा एवढेच लिहिलेले असे. नव्या डॉक्टरांसमोर बसल्यावर त्या एका पानाने वाचवलेला वेळ मोलाचा होता.

चौथी पायरी: टप्पा ठरवणे आणि शस्त्रक्रिया

मूळ डागाच्या जागी पुन्हा शस्त्रक्रिया करून भोवतालची निरोगी त्वचा काढली जाते. जाडी १ मिलिमीटरपर्यंत असेल तर साधारण १ सेंटिमीटर, १ ते २ मिलिमीटर असेल तर १ ते २ सेंटिमीटर आणि त्याहून जास्त असेल तर २ सेंटिमीटर. तळपायावर एवढी त्वचा काढल्यावर ती शिवता येत नाही, म्हणून दुसरीकडची त्वचा लावावी लागते. टाचेवर शरीराचा भार येतो, तेव्हा नुसते पातळ कलम पुरेल की शेजारची त्वचा मांसासह फिरवून (फ्लॅप) लावावी लागेल, हे शस्त्रक्रियेआधी प्लास्टिक सर्जनशी बोलून घ्यावे. नखाखालच्या खोल गेलेल्या आजारात बोटाचे टोक सांध्यापासून काढावे लागते. ऐकायला ते भयंकर वाटते, पण अंगठ्याचे टोक गेले तरी बहुतेक लोक नीट चालतात.

पायावरचा मेलॅनोमा पसरताना बहुधा प्रथम जांघेतल्या लसिका ग्रंथींत जातो. जाडी १ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल आणि जांघेत हाताला काहीच लागत नसेल, तर सेंटिनेल नोड बायोप्सी सुचवली जाते. ही पद्धत डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. डागाच्या जागी निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून ते ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोहोचते, तेवढीच काढून तपासतात. नंतर एक-दोन दिवस लघवीला निळसर-हिरवा रंग येतो, त्याने घाबरू नये. त्या ग्रंथीत सूक्ष्म आजार सापडला तर पूर्वी जांघेतल्या सगळ्या ग्रंथी काढत असत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या क्लिनिकल चाचणीत (रुग्णांवर केलेल्या अभ्यासात) तसे केल्याने आयुर्मान वाढत नसल्याचे दिसले, म्हणून आता बहुतेक रुग्णांना सोनोग्राफीच्या देखरेखीखाली ठेवले जाते. हा प्रश्न सर्जनना अवश्य विचारावा, कारण सगळ्या ग्रंथी काढल्यानंतर पायाला येणारी सूज कायमची सोबत करू शकते.

जांघेत गाठ लागत असेल तर ती घाईने कापू नये. आधी सुईने पेशी घेऊन, म्हणजे एफएनएसी करून, निदान पक्के करावे. त्यानंतर पेट-सीटी (आजार शरीरात कुठे आहे ते दाखवणारे स्कॅन), आजार पुढे गेलेला असल्यास मेंदूचा एमआरआय आणि रक्तातील एलडीएच या विकराचे (एन्झाइमचे) प्रमाण या चाचण्या होतात.

पाचवी पायरी: औषधे

२०११ पूर्वी पसरलेल्या मेलॅनोमासाठी डॅकार्बाझिनसारखी केमोथेरपी होती आणि तिचा प्रभाव तोकडा होता. २०११ मध्ये अमेरिकेत इपिलिमुमॅबला आणि २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब यांना मान्यता मिळाली. ही औषधे कर्करोगाला थेट मारत नाहीत, ती रोगप्रतिकारक पेशींवरचा लगाम काढतात. या उपचाराला इम्युनोथेरपी म्हणतात. त्यामागच्या शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र घेतलेल्या, पसरलेल्या आजाराच्या रुग्णांपैकी ४३ टक्के १० वर्षांनंतर हयात होते, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ही संख्या वाचून आनंद होतो, पण त्या चाचणीतले बहुतेक रुग्ण गोऱ्या त्वचेचे होते. अॅक्रल मेलॅनोमात जनुकीय बदल कमी असल्याने प्रतिकारशक्तीला तो ओळखणे कठीण जाते आणि प्रतिसादाचे प्रमाण कमी राहते. डॉक्टरांना आकडा विचारताना "तळपायाच्या मेलॅनोमात किती?" असाच विचारावा.

जनुकीय चाचणीत बीआरएएफ, एनआरएएस आणि किट ही तीन जनुके पाहायला सांगावीत. बीआरएएफमधला बदल पाश्चात्त्य रुग्णांत सुमारे निम्म्यांत सापडतो, अॅक्रल प्रकारात बराच कमी. तो असल्यास डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची जोडी देता येते. किटमधला बदल मात्र अॅक्रल प्रकारात तुलनेने जास्त आढळतो आणि त्यातल्या काही रुग्णांना इमॅटिनिब लागू पडते. इमॅटिनिबच्या जेनेरिक गोळ्या भारतात इतर नव्या औषधांच्या मानाने फार स्वस्त मिळतात. म्हणूनच खर्चाची चिंता असलेल्या घराने किटची चाचणी टाळू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हाताला लागणाऱ्या गाठींचा आजार शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगा असेल, तर औषध आधी की शस्त्रक्रिया आधी, हाही प्रश्न विचारावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबच्या तीन मात्रा शस्त्रक्रियेआधी दिलेल्या रुग्णांपैकी ७२ टक्के २ वर्षांनंतर आजार न उलटता होते, तर सर्व मात्रा नंतर दिलेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. औषध तेच आणि मात्राही तेवढ्याच, बदलला होता फक्त क्रम.

इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम केमोथेरपीसारखे नसतात. लगाम सुटलेली प्रतिकारशक्ती आतडी, फुप्फुसे, यकृत, थायरॉइड, पियुषिका ग्रंथी, क्वचित हृदय यांवर उलटू शकते, आणि हे औषध थांबवल्यानंतर काही महिन्यांनीही घडू शकते. दिवसातून नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब, नवा खोकला किंवा दम, छातीत दुखणे, कावीळ, असह्य थकवा, अतिशय तहान यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या केंद्राला कळवावे. गावातल्या डॉक्टरांना हे औषध माहीत नसण्याची शक्यता असते आणि ते साधे जुलाब म्हणून गोळी देतात, तर उपाय बहुतेकदा स्टेरॉइडचा असतो. औषधाचे नाव आणि केंद्राचा क्रमांक लिहिलेले एक कार्ड पाकिटात ठेवावे.

एका दुष्परिणामाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. काही रुग्णांच्या अंगावर उपचारादरम्यान पांढरे डाग, म्हणजे कोड, उमटते. मेलॅनोमाच्या पेशी आणि निरोगी रंगपेशी यांच्यात साम्य असल्याने प्रतिकारशक्ती दोघींवर तुटून पडते, आणि असे डाग येणाऱ्या रुग्णांत उपचाराचा प्रतिसाद चांगला असण्याकडे कल दिसतो. आपल्या समाजात कोडाभोवती जी लाज आणि भीती आहे तिच्यामुळे आत्याने दोन महिने पूर्ण बाह्यांचे पोलके घालून ते लपवले आणि औषध बंद करायचे मनाशी ठरवलेही होते. घरातल्यांना हे आधीच समजावून ठेवले तर केवळ डागांपायी कोणी उपचार सोडणार नाही.

पैसा आणि मुक्काम

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, भरतीच्या आधी जावे, आणि शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी बसते म्हणजे नवे औषधही बसेल असे गृहीत न धरता औषधाचे नाव सांगून विचारावे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तेव्हा तो दाखला निदान झाले त्याच आठवड्यात काढायला टाकावा. इम्युनोथेरपीचा खर्च लाखांच्या घरात जातो, म्हणून औषध कंपनीचा रुग्ण-साहाय्य कार्यक्रम आहे का, हे पहिल्या मात्रेच्या आधी विचारावे. नंतर त्यात प्रवेश मिळेलच असे नाही.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या निवासाच्या सोयी आहेत. रेल्वे आणि एसटी दोन्हीकडे कर्करोग रुग्णांना प्रवासभाड्यात सवलत मिळते. प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागू नये म्हणून आपल्या जवळचे कोणते केंद्र नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कर्करोग केंद्रांच्या जाळ्यात आहे, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे आणि औषधाच्या मात्रा तिथे घेता येतील का, ते पाहावे.

देखरेख आणि रोजचे जगणे

पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणी होते. दरम्यान घरच्या घरी महिन्यातून एकदा, ठरावीक दिवशी, जुन्या व्रणाभोवती, व्रणापासून जांघेपर्यंतच्या त्वचेवर आणि दोन्ही जांघांत हात फिरवून नवी गाठ आहे का ते पाहावे. तळपाय स्वतःला नीट दिसत नाहीत, तेव्हा आरसा घ्यावा किंवा दुसऱ्याने पाहावे. सूज असलेल्या पायावर दाबमोजे सकाळी उठण्याआधी चढवावेत. त्या पायाने अनवाणी शेतात उतरणे बंद करावे, कारण लहानशा काट्यानेही त्या पायात जंतुसंसर्ग झपाट्याने वाढतो. मधुमेहींसाठी मिळणाऱ्या मऊ एमसीआर चपला टाचेच्या कलमालाही मानवतात. पाय लाल होऊन ताप आला तर रात्र काढू नये.

संशोधनात सहभागी होताना

दुर्मीळ आजारात क्लिनिकल चाचणी ही अनेकदा नवे औषध मिळण्याची एकमेव वाट असते. भारतात होणारी प्रत्येक चाचणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सार्वजनिक नोंदवहीत असते. ती २००७ पासून सुरू आहे आणि २००९ पासून नोंदणी बंधनकारक आहे. तिच्यात मेलॅनोमा हा शब्द टाकून शोधावे, तसेच "सॉलिड ट्यूमर" असेही शोधावे, कारण अनेक चाचण्या एका आजाराच्या नावाने नोंदलेल्या नसतात. मग अॅक्रल प्रकार वगळलेला नाही ना आणि आधी घेतलेली औषधे चालतात का, हे दोन निकष आधी वाचावेत.

बातम्यांतल्या औषधांकडे सावधपणे पाहावे. रुग्णाच्याच गाठीतल्या प्रतिकारपेशी वाढवून परत देण्याच्या लायफिल्यूसेल या उपचाराला अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. प्रत्येक रुग्णाच्या गाठीनुसार बनवलेल्या एमआरएनए लसीने, पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर दिल्यावर, दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि त्यानंतर तिसऱ्या टप्प्याची चाचणी हाती घेण्यात आली. टाटा मेमोरियलमध्ये निवोलुमॅबची केवळ २० मिलिग्रॅमची मात्रा उपयोगी ठरल्याचे अनेक जण सांगतील. ती चाचणी डोके आणि मानेच्या कर्करोगाची होती, मेलॅनोमाची नव्हती, म्हणून कमी मात्रेचा विचार आपल्या डॉक्टरांशी बोलूनच करावा.

संमतीपत्र मराठीत मागावे आणि घरी नेऊन वाचावे. मला औषधाऐवजी दुसरे काही मिळण्याची शक्यता किती, प्रवासखर्च कोण देणार, चाचणी संपल्यावर औषध चालू राहील का, आणि माझा ब्लॉक चाचणीसाठी गेला तर तो परत मिळेल का, हे चार प्रश्न लिहून न्यावेत. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत वैद्यकीय उपचार आणि नुकसानभरपाई मिळते, आणि कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडता येते. सही केलेल्या संमतीपत्राची एक प्रत मागून घ्यावी आणि ती त्याच फाइलमध्ये, पहिल्या पानाच्या मागे लावावी.